शाळा, आयटीआय आणि कारखाने एकत्र आणताना: सीएसआर निधी मिळवण्याचा माझा अनुभव

आमच्या तालुक्यातल्या काही माध्यमिक शाळा, एक आयटीआय आणि एमआयडीसीतले काही कारखानदार, असा आमचा गट. नववी ते बारावीच्या मुलांनी शिकता शिकताच कामाच्या जागा बघाव्यात, हाताने काम करून बघावं आणि पुढची वाट ऐकीव माहितीवर ठरवू नये, एवढ्यासाठी आम्ही जमलो. या कामाला आता एका कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा, मिळाला आहे. गटाची कागदपत्रं मी सांभाळतो. अशाच खटपटीत असलेल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. असा खर्च कशावर चालतो याची यादी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे आणि शिक्षण आणि व्यवसायकौशल्यं दोन्ही त्यात आहेत, त्यामुळे विषय बसत होता. गट मात्र बसत नव्हता. पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असावी लागते. आयकर खात्याची १२अ आणि ८०जी ही करसवलतीची नोंदणी हवी, त्याच तऱ्हेच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणीही हवी. आमच्यातल्या एकाच शिक्षणसंस्थेकडे हे सगळं होतं. म्हणजे पैसे तिच्याच खात्यात येणार.

इथे बैठक तापली. एक ज्येष्ठ मुख्याध्यापक सरळ म्हणाले, "सर, पैसा त्यांच्याकडे जाणार, मग आमच्या शाळेची मुलं शेवटच्या बाकावर बसणार का?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. संस्था-संस्थांमधली चुरस तालुक्यात सगळ्यांनाच माहीत असते. तेव्हा प्रस्तावाला हात लावण्याआधी आम्ही सामंजस्य करार केला: प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं, दर तिमाहीला खर्चाचा तक्ता सगळ्या शाळांना, आणि कुठल्या शाळेची किती मुलं कुठे जाणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी. पुढे कंपनीच्या लोकांनी सर्वांत जास्त वेळ हाच कागद वाचला.

खरी लढाई झाली ती अंदाजपत्रकावर. कंपनीला यंत्रं द्यायची होती. यंत्र दिसतं, त्यावर नावाची पाटी लावता येते. आम्हाला हवा होता पूर्णवेळ समन्वयक. शिक्षकाला शाळा सोडून कारखान्यात फिरता येत नाही आणि कारखानदाराला शाळेचं वेळापत्रक माहीत नसतं. दोघांच्या मध्ये उभं राहणारा माणूस नसला की यंत्रावर धूळच बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पगाराची ओळ दिसताच उत्तर आलं, "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही." हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, म्हणून नियम नीट वाचून ठेवा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर होणाऱ्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. आम्ही ती व्याख्या प्रस्तावाला जोडली आणि समन्वयक आठवडाभर काय करणार हे वारानुसार लिहून दिलं. ओळ मंजूर झाली. यंत्रंही थोडी घेतली. पण ती पैसे घेणाऱ्या त्या शिक्षणसंस्थेच्याच मालकीची, कारण सीएसआरच्या पैशातून घेतलेलं यंत्र कारखानदाराच्या नावावर करता येत नाही.

समन्वयकाच्या आठवड्यात काय काय असतं, याचा एक नमुना. एका वर्कशॉपचे मालक म्हणाले, "सर, पोरं येऊ द्या, पण मशीनजवळ कुणाच्या बोटाला लागलं तर मी काय तोंड दाखवू?" १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर घ्यायला २०१६ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच बंदी आहे. मग समन्वयक, फोरमन आणि आयटीआयचे निदेशक एकत्र बसले आणि मुलं कुठली कामं करू शकतील याची यादी केली. ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियरने माप घेऊन नोंदवणं, तयार मालाची तपासणी, स्टोअरचं रजिस्टर. चालू यंत्राजवळ फक्त बघायचं, तेही पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरून. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नसलेल्या जागा यादीतून काढल्या. एका मालकांनी त्यानंतर ते बांधूनच घेतलं.

मुदतीबद्दलही सांगतो. बहुतेक प्रस्ताव एका वर्षाचे असतात, आणि एका वर्षात नववीचं मूल फार तर दहावीत पोचतं. नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणून सोय आहे: सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं. म्हणजे नववीतली तुकडी जवळजवळ बारावीपर्यंत सोबत ठेवता येते. आम्ही तेच मागितलं. दरवर्षी आढावा घेण्याच्या अटीवर ते मिळालं.

निकाल कशावर मोजायचा यावर मी शेवटपर्यंत अडून राहिलो. कंपनीला "किती जणांना नोकरी लागली" हा आकडा हवा होता. सोळा वर्षांच्या मुलाला नोकरी लागणं हे यश मानायला मी तयार नाही. कुणी आयटीआयला जाईल, कुणी पॉलिटेक्निकला, कुणी अकरावी कॉमर्सला. वर्कशॉप बघून "हे माझं काम नव्हे" असं एखाद्या मुलीने ठरवलं, तर तेही माझ्या लेखी मोलाचं आहे. अखेर असं ठरलं की दहावीनंतर मूल कुठे गेलं आणि वर्षभराने तिथे टिकून आहे का, हे नोंदवायचं. त्यासाठी घरी फोन करावे लागतात, आणि ते समन्वयकच करतो.

सध्या पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सीएंकडून तयार होतंय. ते गेल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, म्हणून बिलं महिन्याच्या महिन्याला लावून ठेवतो. १२अ आणि ८०जीची मुदत साधारण पाच वर्षांची असते. अर्ज करण्याआधी आपल्या संस्थेची तारीख तपासा, कारण प्रकल्पाच्या मध्यावर ती संपली तर पुढचे पैसे अडकू शकतात. आणि निधी संपल्यावर समन्वयकाचा पगार कुठून, याची बोलणी आम्ही आत्ताच कारखानदारांशी सुरू केली आहेत. काहींनी वार्षिक वर्गणीची तयारी दाखवली आहे, बाकीच्यांशी पुढच्या बैठकीत बोलायचंय.