कुकू कुठंय?

"आन् हिचं कुकू कुठंय?" काकांनी प्रिंट उजेडाकडे धरून विचारलं.

जेजुरीच्या पायऱ्यांवर त्यांचं भंडारा-खोबऱ्याचं दुकान आहे. गेल्या सोमवतीला मावशींचा फोटो काढला होता, तो 8 बाय 10 करून द्यायला गेलो होतो. मावशी लेकीकडे गेलेल्या. प्रिंट फायबर पेपरवर झकास उतरला होता. शाबासकीची अपेक्षा होती, कबूल करतो.

सोमवतीला जेजुरीत कॅमेरे काही कमी नसतात. सगळ्यांना हवा असतो पिवळा. "भाऊ, परत एकदा उधळा ना," असं पालखीपुढच्या माणसाला सांगताना मी चांगल्या चांगल्यांना ऐकलंय. दुसऱ्यांदा उधळताना माणूस देवाकडे नाही, लेन्सकडे बघतो. चेहरा तिथंच मेला. अशा ठिकाणी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म भरून येणाऱ्या माझ्याबद्दल त्यांचं काय मत असेल, ते सोडून देऊ.

पण मी हिशोब करून गेलो होतो. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं येतं. भंडाऱ्याचा पिवळा मात्र त्यातून निघून पांढरा पडतो. काळ्या आकाशावर पांढरा धुरळा आणि खाली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी माणसं! यासाठी तीन स्टॉप मोजावे लागतात, म्हणजे प्रकाश आठपट हवा; 400 च्या वेगाची फिल्म 50 ची होऊन बसते. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ 8 आणि शटर 1/250 सेकंद. 35 मिमीची लेन्स, फोकसची रिंग अडीच मीटरवर चिकटपट्टीने बांधलेली. पावणेदोन ते पाच मीटरच्या मध्ये येईल ते शार्प. रिंग फिरवत बसलात की हसू निघून जातं. पालखी कऱ्हा नदीकडे निघाली, कुणीतरी वरून मूठभर भंडारा टाकला, तो नेमका मावशींच्या डोक्यावर. त्यांनी वर तोंड केलं आणि डोळे मिटून खदखदून हसल्या. एकच फ्रेम मिळाली.

त्याच फिल्टरने कुंकू खाल्लं. लाल उजळून कातडीत मिसळलं. फार जुन्या फिल्मला लाल दिसतच नसे, म्हणून आमच्या पणजीच्या फोटोत कुंकू शाईसारखं काळं आहे. हे मी पोरांना शिकवतो! तरी डार्करूममध्ये ते रिकामं कपाळ माझ्या लक्षात आलं नाही. आलं ते पुण्यात, फोटो भिंतीवर लागल्यावर. एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. म्हणाले, "वैधव्यातही काय हसतेय बाई!" मी थँक्यू म्हणालो. ते ऐकून आणखी दोघं येऊन थांबले. त्यांनाही मी काही सांगितलं नाही. आणि पुढे त्याच निगेटिव्हचा तसाच प्रिंट करून जेजुरीला नेला.

काकांना फिल्टर समजावला. "लाल काचंतनं लाल दिसत न्हाई व्हय?" त्यांनी मान डोलावली, मग हसले. "मी हाय की अजून." आणि प्रिंट माझ्या हातात परत. "भरून आना."

निगेटिव्हवर कुंकू आणि कपाळ एकाच घनतेचं, त्यामुळे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या एन्लार्जरखाली कितीही खटपट केली तरी काही निघणार नव्हतं. हातानेच भरायचं. पूर्वी स्टुडिओत यासाठी वेगळा माणूस बसायचा, आणि आमची पिढी प्रिंटला ब्रश लावणाऱ्यांना नावं ठेवत मोठी झाली. प्रिंटवरचे ठिपके भरायची स्पॉटिंगची शाई पातळ केली, शून्य नंबरचा ब्रश ओला केला आणि तसाच बसून राहिलो. गोल होतं की आडवं बोट? रुपयाएवढं की मुगाएवढं? रोलमधल्या बाकीच्या फ्रेम बघाव्यात तर त्याही त्याच फिल्टरमधून काढलेल्या.

शेवटी काकांना फोन केला. पलीकडे जरा वेळ नुसता बाजाराचा गलका.

"लावती की," ते म्हणाले. "रोज लावती तसंच." मग पुन्हा थांबले. "ऱ्हावा, ती सोमवारी यील. तिलाच इचारतो."