एक प्लस म्हणजे किडनी गेली काय?

लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन एक प्लस आलंय, आता काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर लॅबच्या काउंटरवर हे नीट सांगायला कधीच सवड मिळत नाही. मागे रांग असते, बाहेर रिक्षा थांबवलेली असते आणि समोरचा माणूस रिपोर्टवर एका जागी बोट ठेवून विचारत असतो, "ताई, हे एक प्लस काय आलंय? किडनी गेली काय?" बेळगावात बावीस वर्षं लघवी-रक्त तपासते आहे. रिपोर्ट इंग्रजीत, दारावरचा बोर्ड कानडीत आणि भीती मराठीत, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतो.

किडनी गेलेली नाही. पण तो कागद फाईलला लावून विसरण्यासारखाही नाही. ही दोन वाक्यं एका दमात ऐकणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. पहिलं ऐकलं की तो उठून जातो.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून रात्रभर टांगतो ना, पाणी ठिबकतं आणि चक्का आत राहतो. फडकं जुनं, विरलेलं असेल तर सकाळी भांड्यातलं पाणी पांढुरकं दिसतं. प्रत्येक किडनीत अशी सुमारे दहा लाख बारीक फडकी आहेत. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं रक्ताला परत देतात. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन यात रक्तातच राहायला हवं. दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर त्याची मोजदाद नाही. शुगर आणि बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की फडकी विरतात आणि चक्का गळायला लागतो.

"लघवीला फेस येऊलाय" असं सांगत येणारेही खूप. प्रोटीन साबणासारखा फेस करतं हे खरं. पण जोराच्या धारेनं किंवा भांड्यात राहिलेल्या फिनेलनंही फेस येतो. आणि गळती सुरुवातीची असेल तर फेस येतही नाही. त्यामुळे फेसावरून ठरवू नका, तपासा.

आता ते प्लस. आमच्या पट्टीवर प्रोटीनचा एक पिवळा चौकोन असतो. लघवीत बुडवून मिनिटभरानं बघायचं, जितका हिरवा तितके प्लस. एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम. मी शिकाऊ होते तेव्हा काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून लघवी उकळायचो, गढूळ झाली की ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायचो. गढूळपणा विरघळला तर क्षार, राहिला तर प्रोटीन. तो वास अजून नाकात आहे. आमच्या सरांनी सांगितलं होतं की लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. सूज, अशी घट्ट होणारी लघवी आणि बिघडलेल्या किडन्या यांची सांगड त्यांनी १८२७ साली घातली. म्हणजे आमचा धंदा चमच्यापासून सुरू झाला.

पट्टीचा दोष असा की तिला फक्त घट्टपणा कळतो. उन्हात खानापूरहून बसनं आलेला, सकाळपासून पाणी न प्यालेला माणूस घ्या, त्याची घट्ट लघवी उगाच एक प्लस दाखवेल. आणि लघवी लागावी म्हणून आमच्या बाकावर बसून तीन तांबे पाणी प्यालेल्याची खरी गळती ती झाकून टाकेल. म्हणून डॉक्टर 'एसीआर' लिहून देतात. त्यात लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या स्नायूंच्या कचऱ्याशी, प्रमाण काढतात, मग लघवी पातळ की घट्ट याचा फरक पडत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जास्त. तेही एकदा काढून भागत नाही. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीची अंगमेहनत, बायकांची पाळी, यातल्या कशानंही आकडा चढतो. तीन महिन्यांनंतरही तो चढाच राहिला तर तो किडनीचा आजार. एकच अपवाद, गरोदर बाई. पाच महिन्यांनंतर तिच्या लघवीत प्रोटीन दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडून बीपी बघून घ्यायचं.

हे सगळं मला पाठ होतं आणि तरी मी चुकले. आमचे आप्पा वडगावात पॉवरलूमवर होते. बारा वर्षांची शुगर. दिवसभर मागापाशी उभं राहून कंबर धरायची, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, रोज एक, कधी दोन. एकदा सहज त्यांची लघवी तपासली तर एक प्लस. रक्तातलं क्रिएटिनिन केलं, १.१ आलं. नॉर्मल. "जरासं आहे आप्पा, पाणी पीत चला," म्हणाले आणि निवांत झाले. क्रिएटिनिन उशिरा बोलतं, निम्मी ताकद जाईपर्यंत ते गप्पही राहू शकतं, हे मी काउंटरवर दहा जणांना सांगितलं असेल. घरात सांगायला विसरले.

दीड वर्षानं त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचे वळ राहायला लागले. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं. एसीआर हजाराच्या वर, क्रिएटिनिन १.९. चूक कुणा डॉक्टरची नव्हती.

दुखण्याची गोळी रोज घेतली की किडनीला बाधते, ती त्याच दिवशी बंद झाली. टेल्मिसार्टन सुरू झाली. आप्पा महिनाभर कुरकुरत होते, "बीपीची गोळी किडनीला कशाला?" ती बीपी उतरवते आणि त्या फडक्यांवरचा दाबही कमी करते, म्हणून गळती घटते. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं, पोटॅशियमही वाढू शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी परत रक्त बघावं लागतं. पुढे डापाग्लिफ्लोझिन जोडली. ती शुगरची गोळी, पण किडनीलाही जपते. पाच वर्षं झाली. एसीआर चारशेच्या आसपास उतरलाय, क्रिएटिनिन दोनच्या पुढे फारसं सरकलेलं नाही. गेलेलं परत आलं नाही, आहे ते टिकलंय. पापड आणि लोणचं सुटलं, ठेचा मात्र कमी मिठाचा का होईना पानात लागतोच.

जेवणाबद्दल लोक दोन टोकांना जातात. काही जण डाळ, अंडी सगळं सोडून देतात. काही जण उलट, गेलेलं प्रोटीन भरून काढायला पावडरचा डबा आणतात. दोन्ही नको. नेहमीइतकी डाळ खावी, डबा दुकानातच राहू द्यावा. आणि किडनी धुऊन काढणारा म्हणून कुणी काढा दिला तर आधी डॉक्टरांना दाखवा. काही काढ्यांनीच किडन्या बिघडतात.

आता तुमचा कागद. तपासणीच्या आठवड्यात तुम्हाला ताप होता, असं तुम्हीच म्हणालात. मग त्या एक प्लसवर मी आज काहीच म्हणणार नाही. ताप जाऊन तीन आठवडे झाले की सकाळची पहिली लघवी आणा, सुरुवातीची थोडी सोडून मधली. एसीआर लिहून घ्या. शुगर असेल तर ही तपासणी दर वर्षी करायची असते, तेही विचारा. आणि खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून आणू नका. डबी मी देते, पैसे लागत नाहीत.