छतातून वर रोखलेल्या दोन तोफा

मेसरश्मिट बीएफ ११० जी-४ या जर्मन रात्रलढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातले माझे मॉडेल पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ‘मागच्या काचेतून वर आलेल्या या दोन नळ्या कसल्या, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी शोधाशोध कशाला?’ पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. त्या २० मिलिमीटरच्या ‘एमजी एफएफ’ तोफा आहेत, आणि आकाशाकडे तोंड करून तिरप्या बसवलेल्या या रचनेला जर्मन वैमानिक ‘श्रेगे मुझीक’ (तिरपे संगीत) म्हणत. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे, कारण तुम्ही ते मनापासून विचारलेले असते.

१९४३ सालच्या मध्यापर्यंत रात्रलढाऊ विमान बॉम्बफेकी विमानाच्या मागून आणि खालून येई, नाक वर उचलून गोळीबार करी आणि त्या क्षणी शेपटीतल्या तोफचीच्या माऱ्यात सापडे. ब्रिटिशांच्या लँकेस्टर विमानाला नाकात, पाठीवर आणि शेपटीत बंदुकांचे फिरते बुरूज होते. पोटाखाली मात्र बहुतेक विमानांना काहीच नव्हते, आणि पुढे अनेकांच्या पोटाखाली ‘एच टू एस’ रडारचा घुमट आला. वर रोखलेल्या तोफा असलेले विमान या आंधळ्या जागेत शिरून, लक्ष्याचाच वेग धरून, त्याच्या पोटाखालून सरळ उडत राहू शकत असे. वैमानिक नेम धरी तो पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर, कारण धडावर मारा करावा तर आतले बॉम्ब फुटून दोन्ही विमाने एकदमच जाण्याची भीती असे. गोळ्यांची चमकही मुद्दाम मंद ठेवलेली असे, त्यामुळे शेजारून उडणाऱ्या विमानांतल्या माणसांना एक जळणारे विमान दिसे, पण मारणारा दिसत नसे. जर्मन लोक केवळ धाक बसवण्यासाठी, फुटणाऱ्या विमानासारखे दिसणारे खास तोफगोळे उडवतात, असा समज ब्रिटिश वैमानिकांमध्ये बराच काळ होता. तसले गोळे अस्तित्वातच नव्हते. ते दिसायचे ते खरे स्फोट होते, आणि प्रत्येक स्फोटात सहसा सात माणसे असत. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसे युद्धात मृत्यू पावली. त्यांतली किती या तोफांनी मारली हे नेमके सांगता येत नाही, आणि त्याचे एक कारण हेच, की ज्यांनी ही तोफ जवळून अनुभवली त्यांतले फार थोडे सांगायला उरले.

या रचनेचे दोन जनक ठाऊक आहेत. रुडॉल्फ शोएनर्ट या वैमानिकाने १९४२ मध्ये डॉर्निअर विमानावर वर रोखलेल्या तोफांचे प्रयोग केले, आणि पाचव्या रात्रलढाऊ दलाच्या दुसऱ्या गटातला शस्त्रास्त्रांचा जाणकार पाउल माले याने हाताशी असलेल्या साहित्यातून तीच कल्पना बीएफ ११० मध्ये उतरवली. मे १९४३ मध्ये शोएनर्टने अशा विमानातून पहिला बळी घेतला. नवल म्हणजे त्याच महिन्यात, हजारो मैल दूर, न्यू गिनीजवळच्या राबाऊलच्या तळावर, जपानी नौदलातील अधिकारी यासुना कोझोनो यांच्या आग्रहाने ‘गेक्को’ विमानावर बसवलेल्या तिरप्या तोफांनी अमेरिकी बी-१७ विमाने पाडली.

आता शोधाशोधीविषयी. बीएफ ११० जी-४ च्या जुळणी संचात या तोफांचे भाग असले, तरी ते प्रत्येक विमानावर नव्हते. मॉडेल ‘बीएफ ११०’ या प्रकाराचे करता येत नाही. ते एका ठरावीक विमानाचे, ठरावीक रात्रीचे करावे लागते. मी निवडले ते ‘सी ९ + ई एन’ ही ओळखखूण असलेले विमान. विल्हेल्म योनेन या वैमानिकाने हे विमान २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे, फ्रीडरिशहाफेन या जर्मन शहरावरच्या ब्रिटिश हल्ल्याच्या वेळी, बिघडलेल्या इंजिनासह स्वित्झर्लंडच्या ड्युबेनडॉर्फ विमानतळावर उतरवले. त्याच्याबरोबर रेडिओ सांभाळणारा काम्प्राट होता, आणि मागच्या आसनावर होता स्वतः पाउल माले. म्हणजे गुप्त शस्त्र आणि ते घडवणारा माणूस, दोन्ही एकदमच तटस्थ देशाच्या हाती लागले. जर्मन सरकार इतके धास्तावले, की विमान नष्ट करण्याच्या बदल्यात त्याने स्वित्झर्लंडला १२ बीएफ १०९ जी-६ लढाऊ विमाने विकण्याचे मान्य केले, आणि मे महिन्यात ते विमान ड्युबेनडॉर्फलाच स्फोटाने उडवण्यात आले. तोवर त्याची उजेडात छायाचित्रे घेतली गेली होती. युद्धकाळातल्या रात्रलढाऊ विमानांची छायाचित्रे बहुधा बाजूने किंवा समोरून घेतलेली असतात आणि छतावरचे त्यांत काही कळत नाही. म्हणून ही छायाचित्रे माझ्या दृष्टीने अनमोल आहेत. याउलट, १३ जुलै १९४४ रोजी वाट चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिजला उतरलेल्या युंकर्स ८८ विमानाने ब्रिटिशांना जर्मन रडारचे रहस्य दिले, पण त्यावर वर रोखलेल्या तोफाच नव्हत्या.

छायाचित्र मिळाले तरी काम संपत नाही. तोफा क्षितिजाशी साधारण ६५ ते ७५ अंशांचा कोन करतात, आणि एवढ्या फरकानेही नळीचे तोंड काचेच्या कुठल्या चौकटीतून बाहेर येईल ते बदलते. एमजी एफएफ ही ड्रमवर, म्हणजे काडतुसांच्या गोल डब्यावर, चालणारी तोफ. एका ड्रममध्ये ६० काडतुसे मावत, आणि ड्रम उड्डाणात बदलायचा तर मागच्या माणसाचा हात तिथे पोहोचायला हवा. त्यामुळे तोफांची जागा ठरवताना आधी माणसाची जागा ठरवावी लागते: तो कुठे बसतो, गुडघे कुठे येतात, रिकामा ड्रम काढून ठेवतो कुठे. वैमानिकाच्या डोक्यावर, छताच्या चौकटीला, वर पाहून नेम धरण्यासाठी दुसरे ‘रेव्ही’ नेमदर्शक (काचेवर नेमाची खूण दाखवणारे साधन) असे. तोफा बसवून हे नेमदर्शक विसरलेली मॉडेले मी पुष्कळ पाहतो, आणि मला ती फार खटकतात, कारण नेमदर्शकावाचून वैमानिक त्या तोफांचा नेम धरणार कशाने?

नळ्या मी इंजेक्शनच्या सुईच्या केल्या आहेत. २० मिलिमीटरला ४८ ने भागले की ०.४२ येतात, आणि २२ गेजच्या सुईचा आतला व्यास ०.४१ मिलिमीटर असतो; इतका जवळचा मेळ प्लॅस्टिकच्या भरीव भागाला भोक पाडून साधत नाही. सुईचे टोक बारीक कानशीने सपाट करून, आतली कड टाचणीने साफ करून, वर काळपट करडा रंग अगदी पातळ दिला, की तोंडाशी खरी पोकळी दिसते. भिंगातून पाहणाऱ्याला ती दिसावी असे मला वाटते, कारण तिच्यातूनच ते सारे घडले.

तुम्हाला असे मॉडेल करायचे असेल तर आधी विमानाचा क्रमांक निवडा आणि त्याच विमानाचे छत दाखवणारे छायाचित्र शोधा. ते मिळेपर्यंत मागची काच चिकटवू नका. छायाचित्रात तोफा नसतील तर संचातले ते दोन भाग डबीत जपून ठेवा, पुढच्या विमानाला लागतील.