आप्पांच्या डोळ्यातलं फूल

मोतीबिंदू म्हणजे सकाळी आत, संध्याकाळी घरी, आणि मग काळा चष्मा लावून पारावर, हे आमच्या निपाणी भागात सगळ्यांना पाठ आहे. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तसं नव्हतं. उसाची पात बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला लागली, त्यात बुरशी वाढली. औषधानं जखम भरली, पण मधोमध पांढरं फूल पडलं. त्याच डोळ्यात पुढं मोतीबिंदूही पिकला.

बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ बदलायचं, मोतीबिंदू काढायचा आणि भिंग बसवायचं, सगळं एकाच वेळी. मोतीबिंदू मागं ठेवला तर पुढच्या ऑपरेशनात नव्या बुबुळाच्या आतल्या पेशींना मार बसतो, आणि त्या पेशी मेल्या की परत तयार होत नाहीत. मला हे पटलं.

गोची होती भिंगाच्या नंबरची. तो काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक लागतो. इथं तर बुबुळच काढून टाकायचं! नवं कसं बसेल, टाके कुठं ओढतील, कोण सांगणार? म्हणून चांगल्या डोळ्याचं माप धरून अंदाज बांधला. चष्मा लागणारच, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. बुबुळ बदलणं १९०५ सालापासून जमतंय, भिंग १९४९ पासून, तरी दोन्ही एकत्र आले की नंबर अंदाजानंच.

भिंग ज्या पिशवीत बसवतात ती शाबूत होती, हे नशीब. ती नसती तर भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अडकवावं लागतं. त्यासाठी टाक्यांऐवजी गोंद वापरायची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये आणली.

पट्टी निघाल्यापासून जो येतो तो विचारतो, "दिसतंय काय हो आप्पा?"

"म्हस दिसतीय, शिंगं न्हाईत," आप्पा म्हणतात.

केसाहून बारीक नायलॉनचे टाके आहेत, ते वर्षभर तरी राहतात. बुबुळाचा बाक बघून एकेक काढतात, आणि चष्म्याचा पक्का नंबर त्यानंतरच. तोवर धूसर दिसणारच, पण पाहुण्यांना हे कितीदा सांगायचं?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, नजर आणखी मंदावली, तर शरीर परकं बुबुळ नाकारत असू शकतं. आमच्याकडं लाल डोळा म्हटलं की "डोळं आल्यात" म्हणून मेडिकलमधून थेंब आणतात. मी डॉक्टरांचा नंबर कपाटावर चिकटवलाय, आणि लाल दिसला की त्याच दिवशी बेळगावची गाडी धरायची, असं नवऱ्याला सांगून ठेवलंय.