माइपूची जुनी बोदेगा आणि तिथलं पाणी

आर्जेंटिनात मेंडोझाला जायचं ठरलं, तेव्हा कुठली वाइन प्यायची यापेक्षा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. जिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे द्राक्षं पिकतात कशी? आमच्या निफाडकडे याहून कितीतरी जास्त पाऊस होतो, तरी उन्हाळ्यात टँकरनं बाग जगवलेली मी लहानपणापासून पाहत आलोय.

तिकडे वाइनरीला बोदेगा म्हणतात. वाटलं आणि शिरलो, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही; आधी वेळ घ्यावी लागते. दोन-तीन जागी लिहिलं. एकीकडून शेवटपर्यंत उत्तर आलं नाही. मग माइपू भागातल्या कोकिम्बितोमधली ला रुराल पक्की केली. इटलीच्या मार्के प्रांतातून आलेल्या फेलिपे रुतिनी यांनी ती १८८५ मध्ये सुरू केली, आणि आज तिथे वाइनचं संग्रहालयही आहे. योगायोग म्हणजे त्याच वर्षी ब्युनोस आयर्सहून रेल्वे मेंडोझापर्यंत पोचली. तोवर वाइनची पिंपं बैलगाड्यांतून आणि खेचरांवरून जात, आठवडेच्या आठवडे वाटेत जात. रेल्वे आली आणि बोदेगांचे दिवस पालटले. वेळ घेतानाच फेरी कोणत्या भाषेत आहे ते विचारून घ्या. इंग्रजीच्या फेऱ्या कमी असतात आणि स्पॅनिशमध्ये निम्मं हातचं जातं. दुपारी सगळीकडे सिएस्ता, म्हणजे वामकुक्षी असते, रविवारी बरीच दारं बंद, म्हणून आठवड्यातली एखादी सकाळच बरी.

शहरातून माइपूला मेट्रोत्रानव्हिया नावाची ट्राम जाते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरच ती टाकलीय आणि सुरुवातीचे डबे अमेरिकेतल्या सॅन दिएगोहून जुने घेतलेले. गुतिएरेस स्टेशनवर उतरून पुढे सायकल किंवा टॅक्सी. घाई नसेल तर सायकलच घ्या, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला रस्त्याच्या कडेलाच मिळालं. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा आणि बुंध्यांशी दगडी पाट, त्यांना असेकिया म्हणतात. अँडीजवरचं वितळलेलं बर्फ मेंडोझा नदीतून कालव्यात आणि कालव्यातून या पाटांत येतं. स्पॅनिश येण्याआधी इथल्या वार्पे लोकांनी असे पाट काढले होते. प्रांताचा पाण्याचा कायदा १८८४ चा, म्हणजे या बोदेगेहून एक वर्षानं थोरला.

संग्रहालयात गाड्या, हातपंप, दाबयंत्रं, बुचं मारायची यंत्रं पुष्कळ आहेत; ती भराभर पाहून झाली. पाय अडकले ते चामड्याच्या लागारपाशी. गाईचं अख्खं कातडं लाकडी चौकटीला चहूकडून ताणून बांधलेलं, मध्ये खोल झोळ. त्या झोळात द्राक्षं टाकायची, माणसांनी उतरून पायांनी तुडवायची आणि खाली धरलेल्या भांड्यात रस उतरवून घ्यायचा. कातडं आता फळीसारखं कडक झालंय. दोऱ्या जिथे ओवल्यात तिथली भोकं ओढ बसून लांबट झालीत. ती भोकं पाहताना त्यात उभं राहून राबलेल्या माणसांचं वजन जाणवलं. संस्थापकांची नावं भिंतीवर असतात, या माणसांची कुठे नाहीत, आणि मला हे खटकतं.

पुढे ओकची प्रचंड पिंपं, माणसाच्या दुप्पट उंचीची. तळघरातला गारवा सुखद. शेवटी चव घेणं. मालबेक ही मूळची फ्रान्सची द्राक्षाची जात. मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं १८५३ मध्ये मेंडोझात शेतकी शाळा उभी करताना ती आणली असं मानतात. ग्लास तिरका धरला की कडेला जांभळी झाक दिसते. मी दोन घोट घेतले आणि बाग दाखवा म्हणून विनंती केली. ती फेरीत नव्हती, पण द्राक्षवाल्याच्या घरचा आहे म्हटल्यावर वाट दाखवणाऱ्या ताई हसून घेऊन गेल्या.

तिथे अर्धा तास कसा गेला कळलं नाही. खोडाशी वाकून मी कलमाचा सांधा शोधला, सापडला नाही. आपल्याकडे डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करतो, तिकडे अजूनही बऱ्याच जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर आहेत. अशा मुळांना पोखरणारी फिलॉक्सेरा कीड मेंडोझात आहे, पण रेताड जमीन आणि पाटानं भरून द्यायचं पाणी यांमुळे तिला फारसं फावत नाही असं त्या म्हणाल्या. वेलींवर काळ्या जाळ्या होत्या. कशासाठी, ते मला विचारावं लागलं नाही. गारपीट नाशिककराला कोणी समजावून सांगायला नको. घड काढणीला आला असताना दहा मिनिटांत बाग झोडपून निघते, ते दुःख तिथेही तेच.

बांधावर लोखंडी दार होतं. ते उघडून पाळीपाळीनं पाणी सोडायचं काम तोमेरोचं, म्हणजे आपल्या धुळ्याकडे पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यासारखं. पाळी चुकली तर पुढची येईपर्यंत थांबायचं. मी विचारलं, "पाण्यावरून भांडणं होतात?" ताई म्हणाल्या, "होतात तर! रात्रीची पाळी असली की जास्तच." मग त्यांनी त्यांच्या आजोबांच्या पाळीची गोष्ट सुरू केली आणि पुढच्या फेरीची माणसं दारात येऊन उभी राहिली तरी ती संपली नव्हती.