अकरा दिवसांच्या कादंबऱ्या

भराभर लिहिणाऱ्या माणसाकडे आपण जरा संशयानंच बघतो. वर्षाकाठी एक कादंबरी आली तर तो लेखक. पाच आल्या तर पाट्या टाकतोय. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पोरांनी त्या अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचल्या; पण साहित्याच्या चर्चेत त्यांचं नाव निघतं ते बहुधा आकडा सांगण्यापुरतं. आकडा सांगून झाला की विषय बदलतो.

बेल्जियमच्या जॉर्ज सिमेनॉनबद्दल बोलतानाही आधी आकडाच येतो, म्हणून तो उरकून टाकतो. स्वतःच्या नावावर दोनशेच्या घरात कादंबऱ्या, आणि त्याआधी टोपणनावांनी साधारण तेवढ्याच. स्वतःच्या नावावरच्यांतल्या ७५ पॅरिसच्या पोलीस अधिकारी मेग्रेच्या.

जन्म लिएज शहरातला, १९०३ सालचा. फेब्रुवारीची १३ तारीख आणि वर शुक्रवार. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. असला अशुभ दिवस पोराच्या नावापुढे नको म्हणून आईनं नोंद १२ तारखेची करून घेतली, असं सांगतात. वडील विमा कचेरीत कारकून, आई घरात भाडेकरू ठेवून संसाराला हातभार लावणारी. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि सोळावं लागायच्या आत हा गावच्या पेपरात बातमीदार झाला. १९२२ च्या अखेरीस पॅरिसला.

तिथं त्याला एक गुरू भेटली. प्रसिद्ध लेखिका कोलेत तेव्हा ‘ल मातँ’ या दैनिकात कथा निवडायचं काम बघत असे. तिनं याच्या कथा परत केल्या. फार साहित्यिक होतंय, ते सगळं काढ, एवढंच सांगितलं. दुसरा कुणी असता तर रुसला असता; यानं ते मनावर घेतलं. पुढे आयुष्यभर, हस्तलिखित तपासायला बसला की विशेषणं कापायची, क्रियाविशेषणं कापायची आणि नुसतं छान दिसतं म्हणून आलेलं वाक्यही कापायचं, हेच त्याचं मुख्य काम. हा नियम मराठीत लावला तर आपले काही दिवाळी अंक पोस्टकार्डावर मावतील.

त्याच्या वेगाची कीर्ती इतकी पसरली की १९२७ साली एका प्रकाशकानं टूम काढली: सिमेनॉननं काचेच्या पिंजऱ्यात बसून लोकांसमक्ष कादंबरी लिहायची. गाजावाजा झाला, पण बेत बारगळला. गंमत पुढेच आहे. तो पिंजरा आपण डोळ्यांनी पाहिला, असं सांगणारे लोक कित्येक वर्षं भेटत राहिले. प्रसिद्धीचं त्यालाही वावडं नव्हतं. १९३१ साली मेग्रेची पुस्तकं बाजारात आली ती पॅरिसच्या मोंपार्नास भागात रात्रभर जंगी नाच ठेवून, आणि दारात प्रत्येक पाहुण्याच्या बोटांचे ठसे घेऊन.

एवढा धडाक्याचा माणूस, पण लिहायला बसायची वेळ आली की त्याची तयारी एखाद्या सोवळ्यातल्या आजोबांना लाजवेल अशी. आधी डॉक्टरकडून तब्येत तपासून घ्यायची. मग टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या काढून नावं शोधायची. एका पिवळ्या पाकिटावर पात्रांची नावं, वयं, पत्ते, आईवडील, घराचा आराखडा, सगळं टिपायचं. खून कसा उलगडणार, याचा मात्र त्यात एक शब्द नाही. ते त्यालाही ठाऊक नसे. दाराला ‘त्रास देऊ नका’ अशी हॉटेलातली पाटी, टेबलावर टोकं काढलेल्या पेन्सिली, भरून ठेवलेले पाइप. रोज एक प्रकरण. मध्ये आजारपणात दोन दिवस मोडले तर झालेलं सगळं फेकून द्यायचं.

इतकी घाई कशाला, या प्रश्नाचं त्याचं उत्तर मला फार आवडतं. लिहीत असेपर्यंत तो त्या पात्राच्या कातडीत शिरलेला असे. पाचसहा दिवसांनी ते सोसेनासं होई आणि अकराव्या दिवसानंतर तर शरीरच नको म्हणे. म्हणून कादंबऱ्या छोट्या. म्हणजे ज्याला आपण पाट्या टाकणं समजतो, ते खरं तर एका दमात जेवढं झेपेल तेवढंच लिहिणं होतं.

मेग्रेही मोठी हुशारी दाखवत नाही. भिंगातून राख बघत नाही. मेलेल्या माणसाच्या गल्लीतल्या गुत्त्यात जाऊन बसतो, एक ग्लास मागवतो आणि तिथल्या लोकांसारखाच होऊन जातो. कचेरीत सेंट्रल हीटिंग आलं तरी यानं आपली कोळशाची शेगडी काढू दिलेली नाही. तीच ढवळत बसतो. चौकशी लांबली की ब्रासरी दोफीन या खाणावळीतून बिअर आणि सँडविच येतात, आणि समोरच्या संशयितालाही मिळतात. घरी मादाम मेग्रे जेवण गरम ठेवून वाट बघते. १९३४ साली लेखकानं या जोडप्याला निवृत्त करून खेड्यात बागकामाला धाडलं होतं. पुढे झक मारत परत आणावं लागलं.

आंद्रे जीदसारखा मोठा लेखक त्याला मानत होता, तरी पोलिसी कथावाला हा शिक्का काही पुसेना. नोबेल आपल्याला १९४७ पर्यंत मिळेल, असं त्यानं १९३७ सालीच सांगून ठेवलं होतं. १९५७ साली ते काम्यूला गेलं तेव्हा साहेब भडकले. फ्रेंच अभिजात साहित्याच्या प्लेइयाद मालेत त्याचा समावेश झाला २००३ साली. तोवर त्याला जाऊन १४ वर्षं झाली होती.

१९७२ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमधल्या प्रचंड घरात त्यानं नेहमीसारखी नव्या कादंबरीची तयारी मांडली. या खेपेस काही केल्या पात्र अंगात येईना. त्यानं तिथंच थांबायचं ठरवलं, घर विकायला काढलं, पासपोर्टवरचा लेखक हा व्यवसायही काढून टाकायला लावला. मग लोझानच्या एका लहान घरात टेपरेकॉर्डर आणून स्वतःबद्दल बोलायला लागला. त्या बोलण्याचे २१ खंड झाले. त्यात पिवळं पाकीट नाही, अकरा दिवसांची मुदत नाही, आणि विशेषणं कापायला कुणी बसलेलं दिसत नाही.