गणिताचे सर आणि व्हरांडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा समितीचा निरोप आला. कवायत, गॅदरिंग, खिचडी यांवर बाकीचे लिहितीलच. मी गणिताच्या सरांवर लिहितो. कोणते, ते आपल्या गावात सांगावं लागत नाही.

सरांनी घूर्णन, म्हणजे फिरवण्याची, सममिती शिकवली ती सातवी 'ब'च्या पत्र्याच्या खोलीत. वह्यांच्या पुठ्ठ्यांतून आकार कापून आणले होते. आमच्यातल्या एका हुशार पोरानं समांतरभुज चौकोनाची घडी घातली, कडा जुळेनात. "सर, याला सममिती नाही."

"घडी घालून बघितलंस. फिरवून कामून नाही बघितलं?"

मग खेळ सुरू. आकार टेबलावर, मधोमध टाचणी. एकानं व्हरांड्यात जायचं. सर आकार फिरवणार नाहीतर तसाच ठेवणार. आत येऊन सांगायचं, फिरवला का नाही. आयत पाव फेरा फिरवला की कुणीही ओळखायचं, आडव्याचा उभा झालेला. अर्धा फिरवला की सगळ्यांची दांडी गुल. चौरस पाव फेऱ्यालाच फसवायचा. अन् घडीला न जुळणारा तो समांतरभुज चौकोन अर्ध्या फेऱ्यात जसाच्या तसा बसायचा!

माझी पाळी आली अन् नेमके हेडसर राउंडला. तासाला पोरगं बाहेर म्हणजे शिक्षाच. त्यांनी मला अंगठे धरायला लावले. सर हसत बाहेर आले, प्रकार सांगितला आणि म्हणाले, "तुम्हीच थांबता का जरा?" हेडसर चक्क थांबले. आत येऊन चष्मा वर करून चौरस न्याहाळला आणि ठामपणे म्हणाले, "फिरवलाय." सरांनी हातही लावला नव्हता.

मग सरांनी एका कोपऱ्याला लाल खडूचा ठिपका दिला. खूण केली की फसवणूक बंद. पूर्ण फेऱ्यात आकार जितक्या वेळा स्वतःवर बसतो ती त्याची कोटी: चौरसाची ४, समभुज त्रिकोणाची ३. ३६० ला कोटीनं भागा, कोन मिळतो. सहलीत बीबी का मकबऱ्यापुढंही सरांचं हेच. चार मिनार बघून ४ म्हणू नका, पश्चिमेची मशीद बघा, ती एकाच बाजूला आहे!

आता वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. फ्लँजला, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकतीला, पीसीडीवर (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्यावर) ६०-६० अंशांवर सहा भोकं पाडतो. असा फ्लँज सहा तऱ्हांनी बसतो. गिऱ्हाइकाला तो एकाच तऱ्हेनं बसायला हवा असेल तर एक भोक मुद्दाम सरकवावं लागतं. डिप्लोमावाल्या नव्या पोरांना हे समजावताना माझ्या तोंडून "खूण कुठंय?" असंच निघतं.

पत्र्याच्या खोल्या गेल्या, स्लॅब आला, डिजिटल फळा आला. त्यावर षटकोन आपोआप गरगर फिरतो म्हणे. फिरू द्या, पण व्हरांड्यात कुणालाच पाठवत नाहीत, हे भाच्याकडून कळलं तेव्हा मला काही पटलं नाही. म्हणून शाळेसाठी पत्र्याचे आकार कापून, कडा घासून पाठवतोय. मधे भोक आहे, कोपऱ्याला खूण नाही. ती वर्गात खडूनं करावी. आणि जमलं तर सध्याच्या मुख्याध्यापकांनाही एकदा बाहेर उभं करावं.